हातानं आठवलेला कॅमेरा

शिवलिंगअप्पांना घाबरलेलं मी उभ्या आयुष्यात एकदाच बघितलं. बघितलं म्हणजे ऐकलं म्हणा. कारण तेव्हा आमच्यात वीतभर अंतर होतं आणि तरी ते मला दिसत नव्हते. भर दुपारी दीड वाजता आम्ही त्यांच्या घरातल्या बळदात उभे होतो. ज्यांना बळद माहीत नाही त्यांना सांगते, जुन्या माळवदाच्या घरात ज्वारी साठवायला भिंतीच्या पोटात एक बिनखिडकीची खोली असते, ती. आत डोळा उघडा काय आणि मिटलेला काय, सारखंच. त्या अंधारात अप्पांचा श्वास असा यायला लागला, जसा विहिरीतून वर चढून आलेल्या माणसाचा येतो. आणि मला कळलं, हे भ्यालेत.

पण तिथवर जायला थोडं मागून यावं लागेल. मला सरळ सांगता येत नाही, आमच्या घरातले सगळे हेच म्हणतात.

अप्पा कळंबच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करायचे. उंच, किडकिडीत. गळ्यात इष्टलिंग, चष्म्याच्या एका काडीला दोरा गुंडाळलेला, आणि खिशात पेनाच्या जागी पेचकस. आई कर्नाटकातली, म्हणून माणसांशी मराठीत बोलायचे आणि यंत्रांशी कानडीत. एखादा स्क्रू गंजून बसला की त्याला "बारो, बारो" म्हणत चुचकारत बसायचे, जसं बोलवल्यावर तो खरंच येणार आहे. आणि यायचा हो!

मी तेव्हा ब्लाउज शिवायची. शिकवलं कुणी नाही, जुने ब्लाउज उसवून उसवून शिकले. माझी मशीन धागा तोडायला लागली म्हणून अप्पांना बोलावलं. त्यांनी पाच मिनिटांत मशीन नीट केली आणि मग खुंटीवरच्या छत्रीकडं बघत बसले.

"अक्का, ही छत्री मोडलीय का मोडायचीय?"

"मोडलीय. का बरं?"

"काळं कापड पायजे. उजेड भायेर ठिवायचाय."

मला वाटलं, माणूस जरा सरकलेला दिसतोय. मग त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा, पुढं कुणाच्या तरी फुटक्या दुर्बिणीची काच, वर दोऱ्याच्या लाकडी रिळाची किल्ली. म्हणाले, "ह्यो कॅमेरा. ह्यात रीळ घालून फोटो निघतो." माझा विश्वास बसला नाही. आठवड्यानं माझाच फोटो आणून हातात दिला. मशीनवर बसलेली, तोंडात टाचण्या धरलेली मी. आजवर माझे लग्नाकार्यातले शंभर फोटो निघाले असतील, पण मी तशी दिसते असं मला वाटतं ते त्याच एका फोटोत.

तेव्हापासून त्यांच्या कॅमेऱ्यांची शिवण माझ्याकडं आली. पुढं-मागं होणारा भाता असो, नाहीतर रीळ भरायची दोन बाह्यांची काळी झोळी असो. दुहेरी कापड, दुहेरी टाका. शिवून झालं की अप्पा ते बळदात नेऊन आत पेटती बॅटरी ठेवायचे आणि बाहेरून अंधारात बघत बसायचे. एखाद्या टाक्यातून ठिपका चमकला की मला हाक.

"अक्का, बघा. उजेड मुंगीसारखा असतो. बोलवाय लागत न्हाई. फट दिसली की आत."

मी चिडायची. "एवढ्या बारक्या भोकानं काय होतंय अप्पा?"

"तुमी साखरंचा डबा एवढाच उघडा ठिवा आन मग सांगा."

त्यांनी किती कॅमेरे केले ते त्यांनाही माहीत नसेल. सागवानी फळीचे, पत्र्याचे, एक तर आख्ख्या सुटकेसचा. बटण दाबल्यावर काचेपुढचा पडदा उघडझाप करायला मशीनच्या धाग्याच्या ताणाची स्प्रिंग. हल्ली हल्ली पुण्याची पोरं मोबाइलवर बघून यायची, आपले जुने कंपनीचे कॅमेरे आणायची, आणि अप्पा ते कापून, ठोकून मोठ्या रिळाचे करून द्यायचे. पण दोन कॅमेरे सारखे कधी केले नाहीत. एकाचं झाकण पाठीमागून उघडायचं, एकाचं कुशीतून, एकाचं डोक्यावरून. आणि कागदावर रेघ म्हणून ओढायची नाही. "कागदावर काढलं की हात आळशी होतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रत्येक कॅमेऱ्याच्या बुडाला मात्र छिन्नीनं बेलाचं पान कोरायचे. तीच सही.

आता गुण सांगितले तसा अवगुणही सांगते, नाहीतर ती आरती होईल. अप्पांचं काम नव्व्याण्णव टक्के झालेलं असायचं. उरलेला एक टक्का पुढल्या बाजारी. माझ्या मशीनच्या पट्टीचा एक स्क्रू अकरा वर्षं पुढल्या बाजारी बसणार होता. बाजारात कुणी एखादं काम टाळायला लागलं की लोक म्हणायचे, "अप्पाचा बाजार करू नको." त्यांची बायको, आमच्या महानंदावैनी, तर येईल त्याला सांगायच्या, "कॅमेऱ्याला चार-चार काचा बसवल्या, पर सैपाकघराच्या खिडकीला एक बसवंना ह्यांच्यानं." अप्पा हसून न हसल्यासारखं करायचे.

आणि कॅमेऱ्यावर जीव किती, ते येरमाळ्याच्या यात्रेत दिसलं. चैत्रात येडेश्वरीची यात्रा भरते, पालखी आली की लाखो माणसं रानात वाकून चुनखडीचे खडे वेचतात. ती वाकलेली माणसं एका फोटोत धरायची म्हणून अप्पा रुंद तोंडाचा पत्र्याचा कॅमेरा घेऊन बांधावर चढले. बंदोबस्ताच्या पोलिसानं बघितलं. पत्र्याचा डबा, आतून कर्रकर्र स्प्रिंगचा आवाज, वर काळं कापड. त्यानं शिट्टी मारली. दहा मिनिटांत भोवती रिकामं रिंगण झालं आणि मधे डबा पोटाशी धरून अप्पा एकटे.

"डबा खाली ठेव! उघड!"

"सायेब, आत यात्रा हाय. उघडला तर जाईल."

"काय हाय आत?"

"यात्रा!"

तो पोलीस आणखीच बिथरला. मी रिंगणाच्या कडेला, वैनींचा हात घट्ट धरून. कुणी मागून म्हणतंय पळा, कुणी म्हणतंय बाई खाली बसा. अप्पा गुडघ्यावर बसले आणि शर्टाची बटणं काढायला लागले. "मला पायजे तेवढं उघडा सायेब, पर ह्याला उघडू नका." शेवटी एका म्हाताऱ्या जमादारानं पुढं होऊन डब्याला कान लावला आणि विचारलं, "शिलाई मशीनची स्प्रिंग का हो ही?" तेव्हा सुटका झाली. रिकामं रिंगण परत माणसांनी भरलं. वैनी घरी येईस्तोवर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि घरी आल्यावर थांबल्या नाहीत.

असा माणूस. आता कौसल्याबाईंचं सांगते.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, मी बॉबिन आणायला अप्पांच्या दुकानात गेले होते. साठीची एक बाई भावाला घेऊन आली आणि पायरीवरच बसली. मांडीवर धोतराच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं, त्यावर दोन्ही हात. भाऊ शिंपी होता, मागच्या खेपेला मशीनचं सामान न्यायला आला तेव्हा त्यानं दुकानातल्या कॅमेऱ्यांवरचं बेलाचं पान बघितलं होतं.

"आक्के, दाव की," भाऊ म्हणाला.

बाईनं गाठ सोडली. आत लाकडी कॅमेरा, एका कोपऱ्याला चेचलेला, फुगलेला, मातीच्या रंगाचा. तिनं तो उलटा केला. बुडाला पान.

अप्पा स्टुलावरून उठले. "दत्तू ड्रायव्हरचा. आडतीवर माल घेऊन यायचा त्यो. तुमी त्याच्या कोण?"

"बायकू."

"आन दत्तू?"

बाईनं भावाकडं बघितलं. भाऊ म्हणाला, "आमी लोहाऱ्याकडचे, अप्पा. भूकंपात घर गेलं."

पुढं काही विचारायची गरज आमच्या भागात पडत नाही. तरी तिनंच सांगितलं. बाप आजारी म्हणून ती दोन दिवसांसाठी माहेरी गेली होती. नवरा, सासू आणि चार वर्षांची शोभा घरात. दगडमातीतून जे निघालं त्यात हा कॅमेरा. भिंतीवरचे दोन फोटो होते ते भिंतीसंगं गेले.

"आत रीळ हाय," ती म्हणाली. "त्येनी भरल्यालं. एका फोटोवाल्याकडं नेलता, तर त्यानं उघडाया नख घातलं. म्या हिसकून घेतला. म्हनलं, ज्यानं केलाय त्योच उघडील. पर त्यो कोन ते ठावं न्हवतं. तीस वर्सं पेटीत ठिवलाय." मग म्हणाली, "अप्पा, मला पोरीचं तोंड आठवंना झालंय. नाक आठवतं. डोळं आठवत्यात. पर एका ठिकानी यीनात."

दुकानात मशीनी एवढ्या, पण त्या वेळी एकही चालत नव्हती.

अप्पांनी कॅमेरा घेतला, नाकाशी नेला, हुंगला. "पाणी पेलाय," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "पंधरा दिवसांनी या. दुपारच्या बसनं." मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. पुढल्या बाजारी म्हणाले नव्हते.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर आले आणि चहा हातात धरून गार करत बसले.

"अक्का, मला त्यो कॅमेरा कसा उघडतो तेच ध्यानात न्हाई."

"म्हणजे?"

"लाकूड फुगून सहाच्या सहा फळ्या एकजीव झाल्यात. पटाशी लावल्याबिगर उघडत न्हाई. आन कुठल्या फळीला चिकटून फिल्म गेलीय ते मला आठवंना. चुकीच्या फळीला पटाशी लावली तर अंधारात का असंना, फिल्मच कापंल."

माझ्या तोंडून गेलं, "एखाद्या कागदावर काढून ठेवलं असतं तर, अप्पा..."

अप्पा उठले. चहा तसाच ठेवून गेले. मला माझी जीभ चावावीशी वाटली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. दुकान बंद केलं आणि घरात तोच कॅमेरा नव्यानं करायला घेतला. "डोकं इसरलंय," म्हणाले, "हाताला इचारून बघतो." माळ्यावरून जुनी कानस काढली, जुनी करवत काढली. तेव्हा टेबल नव्हतं म्हणून आता साठी उलटून गेली तरी फरशीवर मांडी घालून बसले. तेव्हा जो घट्ट, गोड चहा प्यायचे तसाच मागायला लागले, साखरेचं पथ्य असून. वैनी म्हणाल्या, "सगळं तवासारखं पायजे ना? मग मला बी तीस वर्सांनी ल्हान करा." पण चहा करून दिला.

मी भाता शिवायच्या निमित्तानं रोज जायची. दहा दिवस हातानं काही सांगितलं नाही. फळी कापायचे, जोडायचे, थांबायचे. "न्हाई, असं न्हवतं," म्हणून मोडायचे. पंधरापैकी दहा दिवस गेले, अकरा गेले. बाई येणार तो दिवस जवळ यायला लागला तसं त्यांनी जेवण कमी केलं. दत्तूचा कॅमेरा कोनाड्यात धोतराच्या तुकड्यावर ठेवलेला, येता-जाता त्याच्याकडं असं बघायचे जसं दवाखान्यात आपलं माणूस आत आहे.

बाराव्या दिवशी मी दारात असतानाच ओरडले, "बुडातून! अक्का, बुडातून उघडतोय!" त्यांचा हात न विचारता स्क्रू घेऊन खालच्या फळीकडं गेला होता. "त्या वर्षी मी समदे बुडातूनच करत व्हतो. फिल्म मागच्या फळीला चिकटून. मागं पटाशी लावली असती तर गेलं असतं सगळं."

वैनींनी देवापुढं साखर ठेवली. अप्पा त्याच तंद्रीत पुढचं काम करायला लागले. वर बघायची चौकट बसवायची होती, ज्यातून डोळा लावून फोटोत काय येणार ते बघतात ती. त्यांच्या हातानं चौकट उचलली, एका ठोकळ्यावर ठेवली, दोन खिळे मारले. आणि हात थांबला.

मागच्या बाजूला पारदर्शक तेलकट कागद लावून ते बराच वेळ बघत राहिले. एकदा चौकटीतून, एकदा कागदावर. मग कॅमेरा खाली ठेवला.

"काय झालं?"

"चौकट वर बघतीया आन काच खाली." त्यांचा आवाज बदलला होता. "चौकटीत आख्खा माणूस दिसतो, अक्का. फोटोत त्याचं डोकं येत न्हाई. दत्तूनं पहिलं रीळ धुवाय दिलं तवा त्यो मला म्हणला व्हता. अप्पा, माणसांची डोस्की उडाय लागलीत की. आमी दोघं हसलो. म्या म्हणलं, तवर जरा वर धरून काढत जा. पुढल्या बाजारी आण, नीट करून देतो." मग म्हणाले, "त्या आठवड्यातच भूकंप झाला."

वैनी म्हणाल्या, "तिला सांगा आधीच."

"काय सांगू? तीस वर्सं जपलंस त्यात मुंडकी न्हाईत म्हणून?"

"दत्तूनं वर धरून काढला असंल की."

"असंल," अप्पा म्हणाले. पण तो होकार नव्हता.

कौसल्याबाई सांगितल्या दिवशी, सांगितल्या बसनं आल्या. अप्पांनी त्यांना काहीच सांगितलं नाही. मला ते पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही. पण तेव्हा त्यांचं तोंड बघून मीही गप्प बसले.

बाहेर आग ओतत होती. फिल्मवरचा लेप गरम पाण्यात वितळतो म्हणून वैनींनी दोन दिवस आधीपासून माठाला ओलं पोतं गुंडाळून पाणी गार केलं होतं. बळदात फळीवर तीन पसरट भांडी मांडली. एकात फोटो उठवायचं औषध, एकात पाणी, एकात तो पक्का करायचं हायपो. आत मी आणि अप्पा, कारण ओली फिल्म धरायला दुसरे दोन हात लागणार होते. बाहेर घड्याळाजवळ वैनी आणि दारापाशी कौसल्याबाई. आत घड्याळ दिसणार नाही, म्हणून दर मिनिटाला कौसल्याबाईंनी दारावर एक थाप मारायची. ते काम त्यांनी मागून घेतलं होतं.

दार लागलं. फटीला वैनींनी गोधडी लावली. आणि मग ते मी सुरुवातीला सांगितलं ते, अप्पांचा श्वास.

"अक्का, माझा हात थरथराय लागलाय."

अप्पांचा हात! सुईच्या नेढ्यात नजर न लावता दोरा ओवणारा हात. मी अंधारात चाचपून त्यांचं मनगट धरलं. बर्फासारखं गार. काय बोलावं सुचेना, मी म्हटलं, "कानडीत बोला की त्याच्याशी."

मग हळूच आवाज आला, "बारो... बारो..." आणि पटाशीचा खुट असा आवाज. परत एकदा खुट. लाकूड करकरलं. बुडाची फळी निघाली ते मला वासानं कळलं, ओल्या मातीचा वास अंगावर आला. तीस वर्षांनी पण त्यात मातीचा वास होता.

रीळ निघालं. बाहेरचे वेढे कागदाला चिकटून बसले होते, ओढले की चरचर फाटायचे. "जाऊ द्या, जाऊ द्या," अप्पा पुटपुटत होते, "आतलं ऱ्हाऊ द्या." मग एक टोक माझ्या हातात आलं. औषधाच्या भांड्यात फिल्म झोक्यासारखी वर-खाली करायची, एक टोक माझ्याकडं, एक त्यांच्याकडं. दारावर पहिली थाप पडली. दुसरी. तिसरी जोरात. चौथीच्या आधी मला वाटलं ती बाई विसरली. एवढा वेळ गेला. मग पडली, अगदी हलकी, जसं दार झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही.

दार उघडलं तेव्हा उजेडानं डोळे फुटल्यासारखे झाले. अप्पांनी फिल्म उंच धरली. सगळी काळीठिक्कर. काळी, डागाळलेली, एका जागी फाटलेली. फक्त रिळाच्या पार आतल्या टोकाला, जिथं पहिला फोटो असतो, तिथं काहीतरी होतं. अप्पांनी भिंग लावून बघितलं. बघितलं आणि फिल्म दोरीवर चिमट्याला अडकवून ते ओट्यावर जाऊन बसले. मी जवळ गेले. त्यांनी नुसती 'नाही' अशी मान हलवली.

फिल्म वाळेपर्यंत कौसल्याबाई त्या दोरीखाली बसून राहिल्या. वैनींनी भाकरी दिली, हात लावला नाही. मग अप्पांनी परत बळदात जाऊन कागदावर फोटो काढला, आणि ओलाच ताटलीत घेऊन आले. ताटली त्यांच्या हातात द्यायच्या आधी त्यांच्यापुढं उकिडवे बसले.

"बाई, आधी ऐका. ही चूक माझी हाय. मला ठावं व्हती, म्या दत्तूला पुढल्या बाजारी नीट करून देतो म्हणलो व्हतो. केली न्हाई. आज तुमाला आधी सांगायला पायजे व्हतं, ते बी केलं न्हाई."

मग ताटली दिली.

फोटोत दाराचा उंबरा होता. उंबऱ्याजवळ नऊवारी लुगड्यातली म्हातारी, खांद्यापर्यंतच. तिच्या शेजारी पॅन्ट-शर्टातला माणूस, हात खाली लोंबलेले, तोही गळ्यापर्यंतच. वर डोकं असायला पाहिजे तिथं कागद संपला होता. आणि त्या माणसाचं बोट धरून एक पोरगी. ठेंगणी म्हणून तेवढी आख्खी बसलेली. तेल लावून चापून बसवलेले केस, कपाळावर भलीमोठी टिकली. पण तोंड समोर नाही. मान वर करून ती बापाकडं बघत होती, जिथं त्याचं डोकं नव्हतं तिकडं. हनुवटी, नाक, अर्धवट उघडं तोंड, एक डोळा.

कौसल्याबाई बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. अप्पा उकिडवेच.

"तुमची कशी चूक?" शेवटी त्या म्हणाल्या. "ह्यो म्या काढलाय."

"आं?"

"नवं रीळ घातलं आन पैला मला दिला हातात. म्हनले, कौसे, तू काढ. म्या म्हनलं मला न्हाई जमायचं. म्हनले, चौकटीत बघ आन दाब. म्या दाबला." त्यांनी ओल्या फोटोवरून बोट फिरवलं, न टेकवता. "त्येंची मान म्याच कापली की मग."

"न्हाई बाई, चौकट माझी."

"हात माजा."

दोघं असे भांडायला लागले, हळू आवाजात. चूक माझी, नाही माझी. असलं भांडण मी कधी ऐकलं नव्हतं. वैनी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मग कौसल्याबाई एकदम थांबल्या. फोटो जवळ घेतला. "त्ये हिला सांगालते," म्हणाल्या, "आईकडं बघ. शोभे, आईकडं बघ, आईकडं बघ. आन ही म्हशी, त्येंच्याच तोंडाकडं बघाय लागलीया." आणि हसल्या. मग रडल्या. पण आधी हसल्या, ते मी बघितलंय.

अप्पा गेले त्याला आता वर्ष व्हायला आलं. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी लातूरला लेकीकडं पडून होते, तेव्हाच गेले. माती द्यायलाही मला येता आलं नाही. म्हणून मला ते शेवटचे दिसले ते मी लातूरला निघाले त्या दिवशी कळंबच्या स्टँडवर.

लोहाऱ्याकडं जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसले होते. मांडीवर तो नवा कॅमेरा, हातानं आठवून केलेला.

"कुठं निघालाव, अप्पा?"

"कौसल्याबाईकडं. त्या फोटोत घरातली समदी हाईत, अक्का. तेवढी एक न्हाई, काढणारी व्हती म्हणून. तिचा काढून येतो."

कंडक्टर आला. "बाबा, ती पेटी वर टाका की, मांडीवर कशाला?"

"आधी तू जाऊन बस वर," अप्पा म्हणाले. सगळी गाडी हसली.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली तशी त्यांनी कॅमेरा उचलला, खिडकीच्या गजावर टेकवला आणि चौकटीला डोळा लावला. माझ्याकडं. मी आपली लगबगीनं पदर सावरायला लागले, हातात पिशव्या, गुडघा ठणकतोय.

"अप्पा, डोकं यायलंय का माझं?"

"यायलंय, यायलंय! पदरासकट यायलंय! हलू नका!"

गाडी निघाली. मी फलाटाच्या खांबाला धरून तशीच उभी राहिले, न हलता, गाडी वळणाआड जाईपर्यंत. खटका दाबला की नाही, ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.